किनाऱ्यावरचा उजेड पेशीत कसा शिरला?

थंडीतील एखाद्या काळोख्या रात्री रायगडच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेची कड अचानक निळी उजळते. वल्हे मारावे, तर पाण्यात ठिणग्या उडाव्यात. कुलाबा किल्ल्यापाशी नांगरलेल्या आंग्र्यांच्या गलबतांवरूनही हा उजेड कुणी पाहिलाच असेल.

हा प्रकाश नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा. पाणी ढवळले की त्याच्यातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि क्षणभर प्रकाश पडतो. असा दिवा जिवंत पेशीत लावून आतले व्यवहार पाहता येतील काय? अडचण तेलाची. ल्युसिफेरिन हे या दिव्याचे तेल. दिवा दुसऱ्या पेशीत न्यायचा, तर तेही सोबत न्यावे लागते.

वाट सापडली दूर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. नागासाकीच्या अणुस्फोटाचा लखलखाट वयाच्या सोळाव्या वर्षी जवळच्या इसाहायातून पाहिलेले ओसामु शिमोमुरा १९६१ च्या उन्हाळ्यात फ्रायडे हार्बर येथे जेलीफिश पकडत होते. थोड्याथोडक्या नव्हेत, सुमारे १०,०००! एकदा निरुपयोगी समजून त्यांनी अर्क मोरीत ओतला आणि मोरीच निळी उजळली. तेथे समुद्राचे पाणी येत होते; करामत त्यातील कॅल्शियमची. त्यातून पेशीतील कॅल्शियम दाखवणारे एक्वोरिन हाती आले. सोबत एक हिरवे प्रथिनही निघाले. १९६२ च्या शोधनिबंधात त्याला तळटीपेपुरती जागा मिळाली.

मोल मात्र त्या तळटीपेचेच ठरले. निळा प्रकाश पडताच हे प्रथिन हिरवे चमकते. त्याला ल्युसिफेरिन लागत नाही. त्याचे जनुक पेशीत घातले, की पेशी आपला दिवा आपणच घडवते.

ते जनुक वेगळे करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केले डग्लस प्रॅशर यांनी. पुढच्या कामासाठी अनुदान मिळेना, तेव्हा त्यांनी ते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकले. १९९४ मध्ये चाल्फींनी एका सूक्ष्म कृमीच्या चेतापेशी त्याने उजळून दाखवल्या; त्सिएन यांनी त्याला नवे रंग दिले.

२००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. एक पारितोषिक तिघांपलीकडे वाटता येत नाही. प्रॅशर तेव्हा अलाबामातील हंट्सव्हिल येथे एका मोटारविक्रेत्याच्या ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने स्टॉकहोमच्या सोहळ्यास नेले.