तळटीप : कंपायलर आणि प्रमाण लायब्ररीतील फंक्शने

‘सी’ भाषेच्या प्रमाणसंहितेने लायब्ररीतील फंक्शनांची नावे राखून ठेवलेली असल्यामुळे, प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला त्या नावांचा अर्थ गृहीत धरता येतो आणि फंक्शनला न बोलावता त्याचे काम स्वतःच उरकता येते. ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन मजकुराची लांबी बाइटांत मोजते. त्याला ‘हिंदमाता’ हा शब्द यूटीएफ-८ संकेतनात थेट दिला, तर ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसी हा कंपायलर मोजणीचा आदेशच न ठेवता २४ हा आकडा लिहून मोकळा होतो, कारण त्यातील अक्षरे, वेलांटी, अनुस्वार व काने मिळून ८ चिन्हे प्रत्येकी ३ बाइटांची असतात. नुसता मजकूर व शेवटी नवी ओळ छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’च्या जागी तो सुटसुटीत ‘पुट्स’ घालतो, मात्र ‘प्रिंटएफ’ने परत दिलेली छापील बाइटांची संख्या पुढे कोठे वापरलेली नसेल तरच, ही सावधगिरी हाच या तंत्राचा कणा होय. एखादे मूल्य पुढे वापरले जाते की नाही हे ठरवणाऱ्या ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ या शास्त्रावर पवईच्या आयआयटीतील उदय खेडकर व अमिताभ संन्याल यांचा, बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला, २००९ चा ग्रंथ जिज्ञासूंनी अवश्य पाहावा.