मिस यू
‘द रोलिंग स्टोन्स’ ह्या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचे डिस्को शैलीतील गीत (१९७८). लंडनमध्ये १९६२ साली स्थापन झालेला हा वृंद अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर पोसला होता. पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ह्या गीतात चार्ली वॉट्सचा प्रत्येक मात्रेवरील ठोका व बिल वायमनची उसळती बेस गिटार डिस्कोची, तर शुगर ब्लूचा माउथ ऑर्गन ब्लूजचा आहे. अमेरिकेत ते लोकप्रियतेत अग्रस्थानी पोहोचले. तथापि अनेक रॉकप्रेमींना डिस्को त्याज्य वाटे. शिकागोत १२ जुलै १९७९ रोजी डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका जाहीरपणे स्फोटाने उडविण्यात आल्या. वस्तुतः डिस्को कृष्णवर्णीय, लॅटिन व समलिंगी नर्तकांच्या नृत्यगृहांत वाढले होते. त्यामुळे हे गीत म्हणजे वृंदाने आपल्या मूळ ऋणात घातलेली भरच होय.