अश्मक, मूलक, रठिक : गोदाखोऱ्यातील प्राचीन लोकनामे

त्वरितादेवीमुळे परिचित असलेले तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) गोदावरीच्या दक्षिणेस वसले आहे. नदीच्या वरच्या अंगाला मूलकांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. तर खालच्या अंगाला अश्मकांचे पोदन होते. तेलंगणातील बोधन म्हणजेच ते पोदन, असे सामान्यतः मानले जाते. मराठवाड्याच्या इतिहासातील ही आद्य लोकनामे आहेत.

'अश्मक' हे नाव पाणिनीच्या सूत्रांत येते. 'अश्मन्' म्हणजे दगड. राणीने दगडाने उदर फोडल्यावर जन्मला तो अश्मक, अशी कथा महाभारतात आहे. पालीत मात्र हे लोक 'अस्सक' होतात. पालीत 'अस्स' म्हणजे घोडा असल्याने काहींनी नावाचा संबंध अश्वाशी जोडला. पुराणांनुसार मूलक हा अश्मकाचा पुत्र. परशुरामापासून स्त्रियांनी त्याला वाचविले आणि तो क्षत्रियकुळाचे 'मूळ' ठरला, असे भागवत सांगते. या दोन्ही कथा नावावरून रचलेल्या दिसतात. त्यांतून नावाची उत्पत्ती नव्हे, तर पुढच्या पिढ्यांनी लावलेला अर्थ कळतो.

शिलालेखांचा पुरावा अधिक भरवशाचा. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या लेखांत रठिक, पितिनिक व भोज यांचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात (इसवी सनाचे दुसरे शतक) असक, मुलक आणि विदभ ही नावे सलग यादीत येतात. 'भोज'मागे 'भुज्' म्हणजे उपभोगणे हा धातू दिसतो. 'पितिनिक' म्हणजे पैठणचे लोक, हे मत सर्वमान्य नाही. रठिकांचा संबंध नाणेघाटातील लेखामधील 'महारठी' या पदवीशी आणि पुढे 'महाराष्ट्र' या नावाशी डॉ. रा. गो. भांडारकर यांनी जोडला. 'महान राष्ट्र' असा सरळ अर्थ लावणारेही आहेत. इ.स. ६३४ च्या ऐहोळे लेखात तीन महाराष्ट्रके व त्यांतील ९९ हजार गावांचा उल्लेख आढळतो.

युरोपातही हाच अनुभव येतो. रोमन ज्यांना 'गॉल' म्हणत, ते स्वतःला 'केल्ट' म्हणवीत, असे ज्यूलियस सीझरने नोंदविले आहे. अश्मक-मूलकांनी मात्र स्वतःविषयी लिहिलेले काही हाती नाही. त्यांची नावे वैयाकरण, भिक्खू आणि राजे यांच्या लेखणीतूनच आपल्यापर्यंत आली. म्हणूनच कोणत्याही लोकनामाचा किंवा गावाच्या नावाचा अर्थ सांगताना, ते सर्वप्रथम कोणी, कोठे आणि कोणत्या रूपात नोंदविले, हे पाहणे अगत्याचे ठरते.