सोपाऱ्याचा हिरा आणि वैरागडची खाण

बोरिवलीच्या एका व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हास गाठले. वराहमिहिराने बृहत्संहितेत सोपाऱ्याच्या हिऱ्याचा उल्लेख केला आहे, तेव्हा आमच्या वसईशेजारी हिऱ्याची खाण असलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी वेळ संपली होती. उत्तर येथे देतो.

उल्लेख खरा आहे. सहाव्या शतकातील या ग्रंथात निरनिराळ्या प्रदेशांतील हिऱ्यांचे रंग दिले आहेत आणि शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा, हिरा काळा सांगितला आहे. परंतु पोथी वाचणाऱ्याने पायाखालचा दगडही वाचावा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचे ते उभे काळे खांब सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे आहेत. सोपाऱ्याचा परिसरही याच लाव्हाच्या प्रदेशात मोडतो आणि या दगडात हिरा नसतो. हिरा जन्मतो तो भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटरांहून अधिक खोल, प्रचंड दाबाखाली. तेथून त्याला वर आणतो किंबर्लाइट किंवा त्याच्या जातीचा एखादा खडक, आणि तोही वेगाने. रेंगाळला तर वाटेतच हिऱ्याचे ग्रॅफाइट व्हावयाचे! आपल्या सह्याद्रीचा लाव्हा इतक्या खोलीवरून आलेला नाही.

मग सोपाऱ्याचा हिरा आला कोठून? सोपारे हे मोठे बंदर होते, आणि माल ज्या पेठेत विकतो तिचे नाव त्याला चिकटते. गोवळकोंड्याचे हेच झाले. खाणी कृष्णाकाठी कोल्लूर वगैरे ठिकाणी, नाव मात्र गोवळकोंड्याचे. वांद्रे-कुर्ला संकुलात 2010 साली हिऱ्यांचा मोठा बाजार सुरू झाला. उद्या कोणी ‘वांद्र्याचा हिरा’ म्हणाले तर आपण वांद्रे खणावयास निघणार काय? शूर्पारकाविषयी आमचे मत हेच आहे.

त्याच यादीत वेणातटाच्या हिऱ्याला शुद्ध म्हटले आहे. वेणा म्हणजे वैनगंगा, असे अनेक अभ्यासक धरतात. येथे मात्र दगडाची साक्ष आड येत नाही. नागपूरच्या पूर्वेस काळा पाषाण संपून अतिप्राचीन खडक उघडे पडतात. त्या मुलखात, गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीजवळ, खोब्रागडी नदीच्या काठी वैरागड आहे. ही नदी पुढे वैनगंगेस मिळते. अकराव्या शतकातील कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ लेखांत ‘वयिरागरम्’ येते. ते वज्राकर, म्हणजे हिऱ्यांची खाण. अबुल फजलानेही आईन-इ-अकबरीत ‘बिरागड’च्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याने 1881 च्या आपल्या पुस्तकात वैरागड घेतले आहे.

तथापि नदीकाठी सापडलेला हिरा तेथेच जन्मलेला नसतो. मूळचा खडक झिजून जातो, हिरा टिकतो आणि वाहत येऊन रेतीगोट्यांत अडकतो. भेगाळलेले वाटेत फुटतात म्हणून गाळातले हिरे बहुधा चांगले निघतात. दक्षिण आफ्रिकेत 1867 नंतर लोक ऑरेंज आणि व्हाल या नद्यांचे काठच उकरीत होते. 1870-71 च्या सुमारास नदीपासून दूर, कोरड्या जमिनीत हिरे निघाले. वरच्या पिवळ्या मातीखाली निळसर खडक लागला. तेथल्या किंबर्ले गावावरून त्याला किंबर्लाइट हे नाव पडले. तेव्हापासून शोधक उलट्या वाटेने चालतो. ओढ्याची रेती धुवावी, तीत हिऱ्याचे सोबती, म्हणजे तांबडे गार्नेट, काळे इल्मेनाइट, क्रोमाइट, आहेत का पाहावे आणि ते जेथून येतात तिकडे प्रवाहाच्या वर वर जावे.

अनंतपूरकडील वज्रकरूर या गावाच्या नावातही वज्र आहे, आणि तेथे किंबर्लाइटचे नळ प्रत्यक्ष सापडले. वैरागडच्या पूर्वेस, छत्तीसगडातील गरियाबंद जिल्ह्यात, बेहराडीह व पायलीखंड येथेही विसाव्या शतकाच्या अखेरीस ते मिळाले. वैरागडच्या हिऱ्यांचा नळ अद्याप हाती लागलेला नाही. आमच्या त्या गृहस्थांना सोपारे चार स्टेशनांवर. पण चाळणी घेऊन निघावयाचेच असेल, तर तिकीट नागपूरचे काढावे.