नटाच्या नावाची वास्तू

शिकागोतील डेव्हन ॲव्हेन्यूच्या निरनिराळ्या भागांना गांधी, जिना, गोल्डा मेयर यांची मानद नावे, म्हणजे मूळ नाव न बदलता केवळ गौरवार्थ दिलेली नावे, लाभली असून ही तिन्ही नावे राजकारणातील आहेत. नटाचे नाव मात्र रस्त्यापेक्षा वास्तूला लाभते: महाराष्ट्रात नटाचे स्मरण मुख्यतः नाट्यगृहाच्या नावात टिकले, जसे बुखारेस्टमध्ये अभिनेता कोन्स्तान्तिन नोत्तारा यांचे टिकले आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर हे त्याचे ठळक उदाहरण होय. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, आणि संगीत नाटकात, म्हणजे पात्रे स्वतः पदे गातात अशा नाट्यप्रकारात, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या नायिका त्यांनी अशा उभ्या केल्या की त्यांची वेशभूषा घरंदाज स्त्रियांनीही उचलली. भरजरी वस्त्रे आणि अत्तरे यांवरील त्यांचा सढळ खर्च व्यवहारी दृष्टीने आत्मघातकीच म्हणावा लागेल. मंडळी कर्जात बुडाली. रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांनी बसवली, हा मान फार थोड्या नटांच्या वाट्याला येतो. उद्घाटन मात्र त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी झाले.