वापरातून घडलेल्या मोटारी

शहापूरच्या रस्त्यावरून मोटारी गेल्या आणि मुरबाडच्या रस्त्यावर त्या राहिल्या. शेजारशेजारच्या या दोन तालुक्यांचा इतिहास मला असा वेगळा दिसतो. मुंबई-आग्रा रस्ता शहापूर, खर्डी, कसारा करत थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढतो. नाशिक, इंदूरकडे निघालेली गाडी शहापूरला थांबलीच तर पाण्यापुरती. मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याणहून सरळगाव, टोकावडे आणि मग माळशेज घाट ही इथली मुख्य वाट. त्यामुळे मुरबाडला आलेली मोटार मोडेपर्यंत राबली.

मी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर जन्मभराचं मोटारींचं वेड लाकडात उतरवायला घेतलं. या दोन रस्त्यांवर धावलेल्या गाड्या, फुटाला एक इंच या मापाने, सागवानात.

लाकूडच का, तर सुरुवातीच्या बसगाड्या अर्ध्याअधिक लाकडाच्याच होत्या म्हणून. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, फोर्डही पाठोपाठ आली. प्रवासी गाडीसाठी मालक नुसती चासी घ्यायचा आणि तिच्यावर बॉडी सुतारांकडून बांधून घ्यायचा. माझे वडील सुतार. सर्व्हिस मोटारीची, म्हणजे खासगी मालकाच्या प्रवासी गाडीची, कुजलेली फळी बदलणं, दाराची चौकट सरळ करणं अशी कामं त्यांच्याकडे येत. मोटारीच्या सांगाड्यातला सांधा घराच्या सांध्यापेक्षा निराळा असतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. घर जागेवर उभं असतं. मोटारीचा सांधा रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात पिळला जातो. तो अगदी गच्च बसवला तर लाकूड चिरतं. माझ्या लहान गाड्यांतही मी सांधे त्याच रीतीने घालतो, बाहेरून ते कोणाला दिसत नसले तरी.

सर्व्हिस मोटारींचा जमाना संपला तो एसटीमुळे. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली बस सुटली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी आणि काथ्याच्या गाद्या. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर अशा कितीतरी जातींच्या गाड्या होत्या. एका जातीचा सुटा भाग दुसरीला लागत नाही, तेव्हा त्या काळच्या मेकॅनिकांनी हा संसार कसा सांभाळला असेल याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्या गाड्यांचा रंग होता निळा, वर रुपेरी टप. साठच्या दशकात धातूच्या बॉड्या आल्या आणि लाल रंग आला. मी निळी एसटी रंगवायला घेतली तेव्हा शेजारची मुलं विश्वासच ठेवीनात.

फियाट या रस्त्यांवर आली ती शहरातल्या पाहुण्यांना घेऊन. ती बनवणारी वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 सालची, कारखाना कुर्ल्याला. गाडीला 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना तिचा पेट्रोल पंप तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी धाप लागून थांबायची. मग बंपरला टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीतलं पाणी फडक्यावर ओतून ते फडकं पंपाला गुंडाळायचं. ती पिशवी आणि ते फडकं माझ्या फियाटला आहे. पुढे या कंपनीचा कारखाना कल्याणजवळही झाला, नव्वदच्या दशकात तिथे प्युजो 309 तयार होत होती. नात्यातली माणसं तिथे कामाला जात. कुर्ल्याची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, शतक संपता संपता बंद झाली आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

पण माझा जीव जीपमध्ये आहे. महिंद्रांनी 1949 साली माझगावला सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. आमच्याकडे ती बहुधा सरकारी खात्यातून लिलावात निघून यायची, आणि तिथून तिचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. पाठीमागे समोरासमोर दोन फळ्या. मागून चढायला लोखंडी पायरी. टपावर कॅरिअर, त्यावर जायला शिडी. काळा-पिवळा रंग लागला की ती कल्याण-मुरबाड रस्त्याची झाली. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसायचा, ड्रायव्हर अंग चोरून मधून स्टिअरिंग फिरवायचा. पौष पौर्णिमेपासून म्हसाची जत्रा भरली की माणसं आत, पायरीवर, टपावर, आणि परतताना घोंगड्या नि शेतीची अवजारं कॅरिअरवर. बाळंतपणाच्या बायका याच जीपमधून कल्याणला पोहोचल्या. पाड्यावर रात्री-अपरात्री बोलावली तरी येणारी दुसरी गाडी नव्हती.

जुन्या मोटारींच्या संग्राहकांशी माझा वाद आहे तो इथे. ते गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करतात. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ गाद्या. त्या कामातली मेहनत मोठी आहे आणि अशी झळाळती गाडी पाहताना माझेही पाय हलत नाहीत. पण आमच्या जीपला त्या न्यायाने मूळ रूप दिलं, तर पायरी जाईल, शिडी जाईल, फळ्या जातील. म्हणजे अमेरिकेत टोलेडोला आखलेली, माझगावात जोडलेली जीप उरेल आणि मुरबाडची जीप नाहीशी होईल. वेल्डिंगवाल्याने जोडलेल्या त्या प्रत्येक लोखंडी पट्टीमागे कोणाची तरी गरज होती. तिची नोंद कंपनीच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून मी ती लाकडात ठेवतो. जीपचं हूडसुद्धा ताडपत्रीचंच केलं, ठिगळासकट.

प्रतिकृती पुरी झाली की मी ती जुन्या ड्रायव्हरांना दाखवतो. एकाने जीप हातात घेऊन बराच वेळ फिरवली. ‘मास्तर, इथं रॉड आडवा टाका,’ तो म्हणाला, ‘उजवीकडचा माणूस वळणावर त्याला धरायचा.’ तो रॉड आता आहे.

सध्या दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली सर्व्हिस मोटार करायला घेतली आहे. पेट्रोलवर नियंत्रण आलं तेव्हा बसगाड्यांना लोणारी कोळशाची भट्टी जोडली गेली. कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालायचं. चढावर ताकद कमी पडायची, माणसं उतरून चालायची. भट्टीच्या टाकीसाठी शिसवीचा काळसर ठोकळा लेथवर कातून घेतला आहे. तिच्या बाजूचा हाताने फिरवायचा पंखा मात्र नुसता चिकटवून चालणार नाही. तो फिरला पाहिजे, कारण निखारा फुलेपर्यंत क्लीनरची सगळी सकाळ त्याच्यावर जायची.