खाऱ्या पाण्याची टाकी: ओतणारे हात, फेस आणि शैवाल

मत्स्यालयाचा इतिहास आपण सहसा १८५३ पासून मोजतो. त्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पण १८४६ मध्येच ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणले होते. समुद्र लांब, पाणी शिळं होणार. मग त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. प्रवाळ जगले. इतिहासात नाव मात्र थिनबाईंचं राहिलं. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशैवालही ठेवलं.

ओतण्यानं पाण्यात हवा मिसळते, पण घाण पाण्यातच राहते. आजचा प्रोटीन स्किमर ती बाहेर काढतो. बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय मळ चिकटतो, फेस वर चढतो आणि कपात साचतो. नवा स्किमर मात्र पहिले काही दिवस लहरीपणा करतो, कारण प्लॅस्टिकवर कारखान्यातला तेलकट थर असतो. तो जाईपर्यंत धीर धरावा, रोज स्क्रू पिळत बसू नये.

मळ उरला की कुजून नायट्रेट, फॉस्फेट वाढतात आणि काचेवर शैवाल माजतं. स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अडे यांनी १९८२ मध्ये पेटंट घेतलं ते याच्याच उपयोगाचं: वेगळ्या जाळीवर, उजेडात शैवाल वाढू द्यायचं आणि खरवडून फेकायचं. त्याबरोबर त्यानं शोषलेलं नायट्रेट, फॉस्फेटही जातं. यंत्रं आली तरी कप धुणं, जाळी खरवडणं हे काम आजही कुणाच्या तरी हातालाच करावं लागतं.